पिकतं तिथं खाल्लंही जावं

‘पिकतं तिथं विकत नाही’ ही म्हण आपल्याला पाठ आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या कलिंगडाकडे पाहिलं तर त्यापुढे आणखी एक वाक्य जोडावंसं वाटतं. पिकतं तिथं ते खाल्लंही जात नाही. करमाळा, माढा भागात उन्हाळ्याच्या तोंडाला रानंच्या रानं कलिंगडानं भरतात. पूर्वी नदीच्या वाळूत खड्डे खणून, शेणखत घालून वेल लावायचे. आता ठिबक आलं, मल्चिंगचा कागद आला, सत्तर दिवसांच्या आसपास माल तयार होतो. व्यापारी येतो, जागेवर सौदा होतो, गाडी भरून शहराकडे निघते. मागे राहतो तो बारीक, वाकडा, डागी माल. तो बांधावर कुजतो नाहीतर जनावरांपुढे पडतो. आणि भर उन्हात तोडणी करणारी माणसं फाट्यावरच्या टपरीवर जाऊन रंगीत थंड पेयाची बाटली फोडतात. हा हिशेब कुठं तरी चुकतो आहे.

वाचकहो, जरा आकड्यांतच बोलू. कलिंगडाच्या गरात शंभरातले एक्क्याण्णव-ब्याण्णव भाग पाणी असतं. अर्धा किलो गर खाल्ला तर जवळजवळ साडेचारशे ग्रॅम पाणी पोटात जातं आणि साखर जाते सुमारे तीस ग्रॅम. तीनशे मिलीलिटरच्या थंड पेयाच्या बाटलीतही साखर जवळपास तेवढीच, सहा चमचे. मग फरक काय? बाटलीत साखर आणि पाणी सोडलं तर अंगाला लागेल असं काही नाही. अर्ध्या किलो कलिंगडातून मात्र सुमारे ४० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळतं, म्हणजे मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय ५०० मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम मिळतं. स्नायूंचं आणि हृदयाचं काम नीट चालायला पोटॅशियम लागतं.

लाल रंगाचंही तसंच. तो रंग लायकोपीन नावाच्या द्रव्याचा, टोमॅटोत असतो तोच. कच्च्या टोमॅटोपेक्षा कलिंगडात तो साधारणपणे जास्तच असतो. टोमॅटो शिजवला की त्यातलं लायकोपीन अंगी लागायला सोपं जातं, कलिंगडाला चुलीचीही गरज नाही. हे द्रव्य तेलात विरघळणारं आहे, म्हणून सोबत मूठभर शेंगदाणे खाल्ले तर चांगलंच. आणि शेंगदाण्याला सोलापुरात काय तोटा? अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिलं की, न कापलेलं कलिंगड फ्रिजमध्ये ठेवण्यापेक्षा घरातल्या साध्या हवेत ठेवलं तर त्यात लायकोपीन वाढतं. म्हणजे ज्याच्या घरी फ्रिज नाही त्यानं मनाला लावून घ्यायचं कारण नाही. मात्र कापलेलं फळ उघडं ठेवू नये, त्याच वेळी संपवावं. कापण्याआधी साल धुवावी, नाहीतर सालीवरची माती सुरीबरोबर गरात जाते.

फळ म्हणजे औषध नव्हे, हेही सांगायला हवं. कलिंगडात मिठाचा अंश नसल्यासारखाच असतो. दिवसभर घाम गाळणाऱ्याच्या अंगातून पाणी जातं तसं मीठही जातं. तेव्हा फोडीवर चिमूटभर मीठ टाकावं, जोडीला लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्यावं. ज्याला उन्हानं चक्कर आली, अंग तापलं, बोलणं बरळल्यासारखं झालं, त्याला फोडी भरवत बसू नये. सावलीत घेऊन अंग ओलं करावं आणि तडक दवाखाना गाठावा. मधुमेह असणाऱ्यांनी घाबरून फळ टाकू नये, पण मोजून एक-दोन फोडी घ्याव्यात, रस काढून पिऊ नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच खावं.

दर उन्हाळ्यात आणखी एक पीक येतं, ते अफवेचं. ‘इंजेक्शन देऊन लाल करतात’ असं कुणीतरी सांगतं आणि गिऱ्हाईक हात आखडतं. सुईनं रंग टोचला तर तो सगळ्या गरात सारखा पसरत नाही आणि टोचलेलं फळ लवकर नासतं. लाखमोलाच्या रानात एकेका फळाला टोचत कोण बसेल? फळ कापल्यावर मधे पोकळ भेग दिसली की लोक तोच पुरावा मानतात. तसं नाही. फुलावर मधमाश्या नीट फिरल्या नाहीत, परागीकरण अपुरं झालं, की अशी भेग पडते.

पण शेतकरी बंधूंनो, अफवेवर रागावण्याआधी आपणही आरशात पाहावं. ‘हा माल बाजाराचा, घरच्यांसाठी चार वेल वेगळे ठेवलेत, त्यावर फवारा नाही’ हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. याचा अर्थ काय घ्यायचा? औषधाच्या डब्यावर शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस सोडायचे ते छापलेलं असतं. भाव चढला म्हणून ते दिवस मोडायचे आणि मग गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही म्हणून ओरडायचं, हे दोन्ही कसं चालेल? जे आपल्या पोरांच्या ताटात वाढता येत नाही ते दुसऱ्याच्या पोरांना विकू नये. कलिंगडाचा गुण रानात जपला तरच तो खाणाऱ्याच्या अंगी लागतो.

२०२० च्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या, बाजार बंद पडले आणि ऐन हंगामातलं कलिंगड रानात पडून राहिलं. तेव्हा काही शेतकऱ्यांनी गावात, वस्तीवर फिरून माल विकला, काहींनी वाटला. दूरचा बाजार बुडाला तेव्हा जवळचा माणूस कामी आला. ती ओळख टाळेबंदी उठली म्हणून विसरू नये.

म्हणून मागणं मोठं नाही. तोडणीच्या दिवशी मजुरांना दुपारी सावलीत बसवून फळ कापून द्या, रोजाव्यतिरिक्त. बारीक पण पिकलेला माल बांधावर न टाकता गावच्या शाळेत, अंगणवाडीत पोचवा. लग्नाच्या मांडवात बाटल्यांच्या क्रेटऐवजी कलिंगडाच्या फोडी ठेवा, पैसा गावातच राहील. आणि घेणाऱ्यांनीही रस्त्याकडेच्या शेतकऱ्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करण्याआधी शेजारच्या टपरीवर आपण बाटलीला किती मोजतो ते आठवावं. तिथं कुणी घासाघीस करत नाही.