मोबाइलवरची शाळा आणि घरातली हाक

परवा धुळ्याहून नणंदेचा फोन आला. देवपुरात राहते ती. लेक यंदा दहावीत. म्हणाली, "वहिनी, क्लासची फी काही झेपत नाही. संध्याकाळी पोरीला एकटीला धाडायचं म्हटलं तरी जिवाला घोर. त्यापेक्षा मोबाइलवरचा कोर्स लावून देते. घरच्या घरी होऊन जाईल सगळं."

ते 'घरच्या घरी' ऐकलं आणि मी गप्पच झाले. कारण 2021 च्या पावसाळ्यात, शाळा बंद होत्या तेव्हा, मीही हेच म्हटलं होतं. आमच्या जळगावच्या घरी एक गोड बोलणारा तरुण आला. मुलीची दहा मिनिटं 'टेस्ट' घेतली आणि म्हणाला, "मुलगी हुशार आहे मॅडम, पण बेसिक कच्चं आहे." आता कुठल्या आईला हे झोंबणार नाही? झाली सही, आला टॅब, सुरू झाले हप्ते. तीन महिन्यांत टॅब कपाटात गेला. हप्ते मात्र दीड वर्ष चालू होते!

तेव्हा मी लेकीलाच बोल लावला. खरी गोष्ट पुढे कळली. ती धडा लावून बसली की माझ्या हाका सुरू. "अगं, दूध बघ." "दार वाजतंय." "पाहुण्यांना पाणी दे, घरीच तर आहेस." एका तासात मी तिला चारदा तरी उठवायची. शाळेत असती तर असं बोलावलं असतं का मी तिला? तिच्या भावाला मात्र कोणी उठवत नव्हतं, हेही आता कबूल करते.

मैत्रिणींनो, ऑनलाइन कोर्स वाईट नाही. फक्त तो काय देतो आणि काय नाही, हे पोरीला आधी सांगायला हवं. वर्गात बाईंना चेहरा वाचता येतो. 'माले काहीच समजनं नही' हे पोरगी बोलली नाही तरी त्यांना दिसतं. मग त्या तेच गणित पुन्हा, आपल्या बोलीत समजावतात. व्हिडिओतले सर पुढे निघून जातात. तिथे थांबवायचं, मागे न्यायचं, वहीत उतरवायचं, अडलेलं वेगळं लिहून दुसऱ्या दिवशी शाळेत विचारायचं, हे सगळं तिचं तिलाच करावं लागतं. नुसतं बघितलं की समजल्यासारखं वाटतं. मी टीव्हीवर पुरणपोळी शंभरदा पाहिली आहे, माझी अजून फाटते.

आणि मध्येच सुटला तर तो तिचा आळस समजू नका. हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित संस्थांनी जगभरासाठी ऑनलाइन कोर्स काढले. 2017-18 मध्ये त्यांत नाव घातलेल्या शंभरांपैकी जेमतेम तिघांनी ते पुरे केले, असा अभ्यास 2019 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. तीही बहुतेक मोठी, कमावती माणसं. मग पंधरा वर्षांच्या पोरीकडून एकटीने सगळं निभावण्याची अपेक्षा कशी धरायची? सोबत कोणीतरी लागतं. आईला बीजगणित येत नसलं तरी चालेल. "आज काय केलंस, वही दाखव," एवढं विचारायला शिक्षण लागत नाही.

पैसे भरण्याआधी फुकटचं बघा. केंद्र सरकारचं 'स्वयं' 2017 पासून आहे. त्यावर नववी ते बारावीचेही धडे आहेत, पण बहुतांश हिंदी-इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या मुलीला तिथे थोडं अडखळायला होईल. बालभारतीची पुस्तकं तर ई-बालभारतीवरून तशीच उतरवून घेता येतात. पुस्तकातल्या धड्यांजवळ तो काळा चौकोनी क्यूआर कोड असतो ना, तो मोबाइलने स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य 'दीक्षा'वर उघडतं. आपल्या घरात ही पुस्तकं वर्षभर असतात आणि त्या चौकोनाकडे कोणी बघत नाही!

अजून एक गैरसमज. कोर्सच्या शेवटी रंगीत प्रमाणपत्र येतं, ते फ्रेम करायला छान. दहावीची परीक्षा मात्र बोर्डाचीच. शाळेतून फॉर्म भरायचा, नाहीतर शाळा सुटलेली असेल तर आपला ओळखीचा सतरा नंबरचा. विज्ञानाच्या शंभरात वीस गुण प्रयोगाचे आणि वहीचे. लिटमस कागद निळ्याचा लाल होताना मोबाइलवर बघता येतो, पण आम्लाची बाटली हातात धरायची सवय प्रयोगशाळेतच लागते. म्हणून 'कोर्स लावला, आता शाळेत नाही गेली तरी चालेल' हे कोणी म्हणायला लागलं, की सावध व्हा. मुलींच्या बाबतीत ते जरा जास्तच लवकर म्हटलं जातं. आज शाळा सुटते, उद्या स्थळ येतं.

माझ्या लेकीने शेवटी 2022 ला बोर्डाची परीक्षा वर्गात बसूनच दिली. गणितात तारली ती शेजारच्या निवृत्त गुरुजींच्या ओसरीवरच्या रोजच्या एका तासाने. तिथे माझी हाक पोहोचत नव्हती.

हे सगळं नणंदेला सांगितलं. म्हटलं, आधी महिनाभर फुकटचं वापर, हप्त्याच्या कागदावर सही करू नकोस आणि संध्याकाळी सात ते आठ मोबाइल पोरीचा. तेवढ्या वेळात तिला कोणी हाक मारायची नाही.

ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "वहिनी, मोबाइलचं जमेल. पण सात ते आठ म्हणजे भाकरीची वेळ. भाकरी तीच थापते. मी दुकानावर असते ना."

"आणि तिचा भाऊ?"

"तो? तो बसलेला असतो," नणंद म्हणाली, आणि दोघीही हसलो. मग ती म्हणाली, "थांब, आजच सांगते त्याला. परात कुठे असते ते तरी माहीत होईल."