एका सदऱ्याचं कौतुक पुरे

बक्षीस समारंभाचा पाहुणा आगरकरांच्या सदऱ्यावर येणार, हे मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर असताना मी धरूनच चालायचे. डेक्कन कॉलेजात शिकताना त्यांच्यापाशी एकच सदरा होता. रात्री धुवायचा, वाळवायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचं. गोष्ट सांगून झाली की टाळ्या. टाळ्या वाजवणाऱ्या मुलींपैकी काही जणी एकाच डब्यात दोघी जेवून आलेल्या असत, हे पाहुण्यांना कोण सांगणार?

त्या सदऱ्याच्या पुढची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. आगरकर दम्याने जर्जर होऊन 1895 साली गेले, तेव्हा त्यांची चाळिशीही झाली नव्हती. त्यांच्याआधीचे फर्ग्युसनचे प्राचार्य, कोशकार वामन शिवराम आपटे, 1892 साली गेले. त्यांनी पस्तिशीही पाहिली नाही. म्हणजे त्या कॉलेजचे पहिले दोन्ही प्राचार्य पदावर असतानाच संपले. विष्णुशास्त्री चिपळूणकर बत्तिशीच्या आत, न्यायमूर्ती तेलंग त्रेचाळिसाव्या वर्षी. प्रत्येकाचं दुखणं वेगळं असेल, सगळ्याचं खापर विद्यार्थिदशेवर फोडता येणार नाही. पण मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक असलेल्या न्यायमूर्ती रानड्यांनाच 1890 नंतरच्या त्या वर्षांत पदवीधरांच्या अकाली मृत्यूंचा प्रश्न जाहीरपणे मांडावासा वाटला. शिकलेली माणसं लवकर का मरतात, हे विचारायला त्यांना संकोच वाटला नाही. आपण मात्र सदऱ्यापाशीच थांबतो.

टिळकांनी कॉलेजातलं पहिलं वर्ष तालमीत आणि पोहण्यात घालवलं, तेही आपण विनोदाने सांगतो. मला तो त्यांचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. अर्थात, असं वर्ष घालवायला घरची थोडीफार ऐपत लागते.

ज्यांची ती नव्हती, ते पुण्यात वार लावून जेवत. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. एखादा वार रिकामा राहिला किंवा यजमानांकडे सुतक आलं, की त्या दिवशी माधुकरी नाहीतर उपास. या पद्धतीचेही आपल्याकडे फार गोडवे गातात. पण ते पान ब्राह्मणाच्या मुलासाठी मांडलं जाई. कुणब्याच्या, महाराच्या पोराला पुण्यात कोण वार देणार होतं? रयतेच्या करावर वरच्या वर्गाची मुलं शिकतात, हे जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे मांडलं होतंच. पुढे 1901 साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग उभं केलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं निघत गेली. विद्यार्थ्याचं जेवण यजमानाच्या पुण्यातून काढून संस्थेच्या जमाखर्चात आणणं, हे माझ्या मते त्या काळातलं फार मोठं शैक्षणिक काम. त्यावर कोणी टाळ्या वाजवत नाही. जमाखर्चाची गोष्ट रंगवून सांगता येत नाही ना!

आज वार गेले, खाडे आले. मेसमध्ये महिन्याला ठरावीक खाडे धरता येतात, तेवढे पैसे वळते होतात. महिनाअखेरीला खाड्यांची वही पाहिली की कोणत्या मुलीची शिष्यवृत्ती अडकली आहे, ते मला कळायचं. घरी जाण्यासाठी धरलेले खाडे सुट्टीला लागून येतात. मंगळवार, गुरुवार असे सुटे खाडे पडू लागले, की मुलीला खोलीवर बोलावून घ्यायचं. "डाएट करतेय, मॅडम," हे उत्तर ठरलेलं. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात चक्कर येऊन पडणारी बहुतेक वेळा यांच्यातलीच निघे, आणि डॉक्टर हिमोग्लोबिनच्या गोळ्या लिहून देत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. शिष्यवृत्तीचा जेवणाचा वाटा सत्र सुरू होण्याआधी मेसच्या खात्यात जमा करा. फी मागाहून आली तरी चालेल. कॉलेजच्या मूल्यांकनात निकालाच्या टक्क्यांशेजारी खाड्यांची वहीही तपासा. आणि रविवारी संध्याकाळी बंद राहणारी मेस चालू ठेवा. दुपारची 'फीस्ट' रात्रीपर्यंत पुरवायची म्हणून पोळ्या ओढणीत गुंडाळून वर नेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. नियमाप्रमाणे त्यांना दंड होता. मी तो कधी लावला नाही.