ज्ञान वाटायचे म्हणजे काय करायचे?



पर्यावरणावरची कुठलीही आंतरराष्ट्रीय परिषद संपली की निवेदनात 'तंत्रज्ञानाचे हस्तांतरण' हे शब्द असतातच. १९९२ च्या रिओ परिषदेपासून आपण ते ऐकत आलो आहोत. श्रीमंत देशांकडे स्वच्छ उत्पादनाचे ज्ञान आहे, गरीब देशांना आर्थिक वाढ हवी आहे, तेव्हा ज्ञान वाटून घ्यावे म्हणजे वाढही होईल आणि पृथ्वीही वाचेल, असा तो सरळ हिशेब. हिशेबात चूक नाही. पण बहुतेक वेळा तो कागदावरच राहतो.

मी रसायनशास्त्राचा संशोधक. फ्रिज आणि एसीमध्ये जो गॅस फिरतो, ज्याला आम्ही शीतक म्हणतो, त्याच्या गुणधर्मांची मोजमापे हे माझे गेल्या अठरा वर्षांचे काम. माझ्या या छोट्याशा क्षेत्रात हा हिशेब एकदा खरोखर जुळला. कसा जुळला, कुठे अडला आणि आज आपला त्याच्याशी काय संबंध, हे मांडावेसे वाटते. माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. ज्ञान वाटण्याचा खर्च कोण देणार, त्याची मालकी कोणाची राहणार आणि शेवटी ते कोणाच्या हातात पडणार, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी ठरली तरच ते वाटले जाते. नुसत्या सद्भावनेने ते विमानतळाच्या पुढे जात नाही.

खर्च कोणाचा?

१९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी सीएफसी वायूंमुळे ओझोनचा थर नष्ट होईल असा इशारा दिला. १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचे ओझोनचे भगदाड जगापुढे आणले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकातही असते. पुस्तकात नसते ती पुढची: भारत आणि चीन यांनी त्या करारावर सही केली नाही.

त्यांचा मुद्दा साधा होता. ओझोनचा थर ज्यांनी बिघडवला त्यांच्या घराघरांत फ्रिज आहे. आमच्याकडे तो आत्ता कुठे येतो आहे. जुना गॅस सोडा म्हणता, तर नवा गॅस बनवायचे ज्ञान आणि कारखाने बदलायचा पैसा द्या. जून १९९० च्या लंडन बैठकीत तेव्हाच्या पर्यावरण राज्यमंत्री मनेका गांधी यांनी हा मुद्दा लावून धरला. बैठकीतून दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे बहुपक्षीय निधी. दुसरी म्हणजे करारातले एक कलम: विकसनशील देश आपली बंधने किती पाळू शकतील हे त्यांना पैसा आणि तंत्रज्ञान प्रत्यक्षात किती मिळते यावर अवलंबून राहील. भारत १९९२ साली करारात सामील झाला.

या निधीची रचना पाहण्यासारखी आहे. त्याच्या कार्यकारी समितीत चौदा सदस्य, सात श्रीमंत देशांचे आणि सात विकसनशील देशांचे. निर्णय मतावर गेला तर दोन्ही गटांचे बहुमत लागते. निधीने द्यायचा तो 'वाढीव खर्च', म्हणजे जुन्या पद्धतीपेक्षा नव्या पद्धतीला जेवढे जास्त लागेल तेवढा. त्यात नवी यंत्रे येतात, कामगारांचे प्रशिक्षण येते, पेटंट आणि रॉयल्टीचा खर्चही येतो. देणारा आणि घेणारा एका टेबलाशी समान मताने बसले, म्हणून भीक घालणे आणि उपकार मानणे हे दोन्ही टळले.

परिणाम सर्वांसमोर आहे. औषधी फवाऱ्यांचा अपवाद वगळता भारताने ऑगस्ट २००८ मध्ये, मुदतीच्या सुमारे दीड वर्ष आधी, सीएफसीचे उत्पादन थांबवले. त्या काळात भारताची आर्थिक वाढ थांबली नाही आणि फ्रिजही महाग होऊन दुकानात पडून राहिले नाहीत. ध्रुवीय प्रदेश सोडले तर ओझोनचा थर २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. अंटार्क्टिकावर त्याला २०६६ च्या आसपासची वेळ लागेल.

याच्या शेजारी हवामानबदलाची बोलणी ठेवून पाहा. २००९ साली कोपनहेगनला श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करायचे कबूल केले. तो आकडा गाठला गेला २०२२ मध्ये, आणि त्यातला मोठा भाग कर्जाचा. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी पॅरिस करारातून बाहेर पडण्याच्या आदेशावर पुन्हा सही केली. कर्ज देऊन 'आम्ही ज्ञान वाटले' म्हणणे हे सावकाराने शाळा काढल्यासारखे आहे.

मालकी कोणाची?

माँट्रियलची गोष्टही निर्मळ नाही. सीएफसीच्या जागी जे गॅस आले त्यांत एचएफसी-१३४ए हा प्रमुख होता. तो बनवण्याची पद्धत काही मोजक्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हातात होती. १९९० च्या दशकात भारतीय उत्पादकाने ती मागितली तेव्हा समोर आलेल्या अटी भारतीय अभ्यासकांनी नोंदवून ठेवल्या आहेत: एक तर फार मोठी किंमत मोजा, नाही तर निर्यातीवर बंधन माना किंवा बहुमताचा हिस्सा आम्हाला द्या. करारात 'न्याय्य आणि सर्वात अनुकूल अटींवर' असे शब्द होते, पण ते सरकारांना लागू होते. ज्ञान होते कंपनीकडे, आणि कंपनीने करारावर सही केलेली नव्हती. शेवटी भारतात ती पद्धत स्वतंत्रपणे विकसित झाली, पण मधली वर्षे गेली ती गेलीच.

पेटंट नसेल तर संशोधनात पैसा कोण घालेल, हा आक्षेप मला मान्य आहे. माझाही पगार त्याच व्यवस्थेतून येतो. पण त्याच काळातले दुसरे उदाहरणही पाहावे लागेल. १९९२-९३ मध्ये ग्रीनपीस ही संघटना आणि पूर्व जर्मनीतला एक डबघाईला आलेला फ्रिजचा कारखाना यांनी मिळून हायड्रोकार्बनवर, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्या भावंडांवर, चालणारा फ्रिज बनवला. ओझोनला धोका नाही आणि तापमानवाढही नगण्य. एक किलो एचएफसी-१३४ए शंभर वर्षांत सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. हायड्रोकार्बनच्या बाबतीत हा आकडा फार तर दोन-चार किलोंचा. या फ्रिजचे तंत्र पेटंटमध्ये न अडकवता खुले ठेवले गेले. ते युरोपात पसरले, चीनमध्ये गेले. स्विस आणि जर्मन सरकारांच्या सहकार्याने भारतातही आले. गोदरेजने हे फ्रिज बनवले, आणि २०१२ साली जर्मन सहकार्यानेच प्रोपेनवर, म्हणजे आर-२९० वर, चालणारा घरगुती एसी बाजारात आणला.

आणि अमेरिका? तिथे घरगुती फ्रिजमध्ये हायड्रोकार्बन वापरायला परवानगी मिळाली डिसेंबर २०११ मध्ये. ज्ञान नेहमी पश्चिमेकडून आपल्याकडे वाहते असे मानणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

ज्ञान कुलपात ठेवले की काय होते हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव आणि सावित्रीबाईंना विरोध झाला तो ज्ञान वाया जाईल म्हणून नव्हे. ते पसरले की मक्तेदारी संपते, हे विरोधकांना पुरते कळले होते.

नुसता पैसा दिला तर?

आपल्या बाजूची चूकही सांगितली पाहिजे. एचसीएफसी-२२ बनवताना एचएफसी-२३ नावाचा अतिशय घातक हरितगृह वायू बाजूला निघतो. तो जाळून टाकणे स्वस्त. क्योटो करारातल्या योजनेखाली त्यासाठी जे कार्बन क्रेडिट मिळत होते त्यांची किंमत जाळण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट होती. चीन आणि भारतातल्या कारखान्यांनी त्यावर भरपूर नफा कमावला. मे २०१३ पासून युरोपने आपल्या कार्बन बाजारात ही क्रेडिट घेणे बंद केले. ऑक्टोबर २०१६ मध्ये भारत सरकारने, हा वायू स्वखर्चाने नष्ट करा, असा आदेश उत्पादकांना दिला. या व्यवहारात पैसा उत्तरेकडून दक्षिणेकडे आला, पण नवे कौशल्य आले नाही. गरीब देशांच्या बाजूने बोलताना हे झाकून ठेवले तर आपलेच म्हणणे लंगडे पडते.

कोणाच्या हातात?

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वात दुर्लक्षित. १५ ऑक्टोबर २०१६ रोजी किगालीला माँट्रियल करारात दुरुस्ती झाली आणि एचएफसीही कमी करायचे ठरले. ते नीट पार पडले तर शतकाच्या अखेरीस अर्ध्या अंशापर्यंतची तापमानवाढ टळू शकते. भारताने ही दुरुस्ती २०२१ मध्ये स्वीकारली. २०२८ पासून वापर गोठवायचा, २०३२ पासून कपात, आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात, असे वेळापत्रक आहे. दुसरीकडे थंडाव्याची मागणी वाढतच जाणार. भारताच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यानुसार तेव्हा सुमारे ८ टक्के घरांतच एसी होता. चंद्रपूरच्या ४५ अंशांत राहणाऱ्याला 'एसी ही चैन आहे' असे न्यू जर्सीच्या थंड घरात बसून सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. नाशिकची द्राक्षे, लशी, दूध या सगळ्यांना थंडावा लागतो. तो मिळणारच. प्रश्न कुठल्या गॅसवर मिळणार एवढाच आहे.

नवे गॅस बहुतेक कमीअधिक ज्वलनशील आहेत. आर-३२ थोडा, आर-२९० चांगलाच. कारखान्यात ते सुरक्षित हाताळता येतात. खरी परीक्षा दुरुस्तीच्या वेळी. माझा मावसभाऊ सोलापूरला फ्रिज-एसी दुरुस्तीचे दुकान चालवतो. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या हाताखालच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने आर-२९० च्या मशीनमधला गॅस पूर्ण न काढता पाइपला टॉर्च लावला. दोन्ही हात भाजले, दोन महिने काम बंद. मशीनवर सूचना होती. ती इंग्रजीत होती. त्या मुलाने काम शिकले होते उस्तादाच्या शेजारी उभे राहून, आणि उस्तादाच्या काळातला गॅस पेटत नव्हता.

भावाने त्यानंतर ठरवले की आर-२९० चे काम घ्यायचेच नाही. विचार करा, अशा हजारो दुकानांनी हेच ठरवले तर किगालीच्या सहीचे काय होईल? ग्राहक म्हणेल, ज्याला दुरुस्त करणारा मिळतो तोच एसी द्या. माझ्यासारख्यांनी लिहिलेले शंभर शोधनिबंध त्या एका नकारापुढे हरतात.

यावर उपाय नाही असे नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारत, स्वित्झर्लंड आणि जर्मनी यांनी मिळून 'हायडेकोर' नावाचा कार्यक्रम चालवला. त्यात छोट्या दुकानांतल्या मेकॅनिकना नवे गॅस, गळती शोधणे, जुना गॅस हवेत न सोडता काढून घेणे हे शिकवले गेले. २०१९ च्या आराखड्यातही एक लाख तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचे लक्ष्य होते. दिशा बरोबर आहे. पण जे काम करारात आणि कारखान्यात काळजीपूर्वक झाले, ते दुकानापर्यंत येता येता पातळ होते.

आपण काय करू शकतो?

आपण गावच्या शाळेला संगणक देतो, दुष्काळात वर्गणी काढतो. ते चालू राहावे. पण आपल्याकडे त्याहून दुर्मीळ गोष्ट आहे, ती म्हणजे आपण बसतो त्या खोल्या. मला तीन कामे सुचतात.

पहिले, आपल्यातले काही जण कंपन्यांच्या संशोधन, परवाना किंवा कायदा विभागांत आहेत. कंपनीची गुपिते फोडा असे मी मुळीच म्हणत नाही. पण विकसनशील देशांसाठी परवान्याच्या अटी ठरतात तेव्हा 'या अटींवर कोणी घेईल का?' हा प्रश्न बैठकीत विचारता येतो. तो विचारायला कोणीतरी लागतो.

दुसरे, सुरक्षेची आंतरराष्ट्रीय मानके. एका यंत्रात किती ग्रॅम ज्वलनशील गॅस चालेल हे तिथे ठरते, आणि त्यावरून कुठला गॅस बाजारात टिकेल हेही. अशा समित्यांमध्ये मोठ्या कंपन्यांना माणसे पाठवणे परवडते, सोलापूरच्या दुकानदाराला नाही. आपल्यापैकी जे तिथे आहेत त्यांनी ४५ अंशांचा उन्हाळा आणि दहा बाय दहाची खोली ही वस्तुस्थिती तिथे मांडावी.

तिसरे काम सर्वात सोपे आणि आजपासून करण्यासारखे: मराठीतून प्रशिक्षणसाहित्य. आयटीआयच्या मुलाला समजेल अशा भाषेत, चित्रांसह, मोबाइलवर पाहता येईल असे, आणि कोणीही छापावे असे खुले. आपल्यात रसायनवाले आहेत, अभियंते आहेत, डॉक्टर आहेत, चित्रे काढणारेही आहेत. मी गॅस काढणे आणि टॉर्च लावण्यापूर्वीची तपासणी या दोन प्रकरणांचा मसुदा लिहायला घेतला आहे. पण तो तपासायला प्रत्यक्ष हातात पाना धरणारी माणसे हवीत. तुमच्या ओळखीत, नात्यात असे कोणी असेल तर त्यांना यात ओढा. त्यांचे म्हणणे शेवटचे धरावे, माझे नाही.

२०२८ ला फार वेळ उरलेला नाही. हे काम आपल्या मंडळींनी हाती घ्यावे असे मला वाटते. ज्यांना पटते त्यांनी हात वर करावा, ज्यांना पटत नाही त्यांनी सविस्तर वाद घालावा. दोन्हींचे स्वागत आहे.