जयजयकार पुरे, रोवणीला चला

आषाढ लागला. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आरमोरी, कुरखेडा ह्या धानाच्या मुलखांत पऱ्हे वर आले आहेत. बांध्यांत पाणी सांठलें कीं चिखलणी, आणि मागोमाग रोवणी. ह्या थोड्या दिवसांत जें रोवलें जाईल तेंच वर्षभर चुलीवर शिजेल. अशा वेळीं आम्ही आमच्या भगिनींना एक साधा प्रश्न विचारतों : तुमच्या गांवांत ज्या घरचा मुलगा लष्करांत, केंद्रीय राखीव पोलिसांत किंवा गडचिरोलीच्या पोलीस दलांत आहे, त्या घरची रोवणी यंदां कोण करणार?

उत्तर आम्हांला ठाऊक आहे. त्या घरची सून एकटी करणार. नवरा लडाखला, नाहीं तर भामरागडकडच्या ठाण्यांत, सासरा थकलेला, आणि मजूर पैसे देऊनहि मिळत नाहींत, कारण ज्याची त्याची रोवणी त्याच आठवड्यांत आलेली असते. संध्याकाळीं त्याच गांवच्या मंदिरांत चाळीस-पन्नास बायका जमून टाळ वाजवितात. टाळांचा आवाज त्या सुनेच्या बांधीपर्यंत जातो. टाळ वाजविणारे हात मात्र जात नाहींत. आमचें भांडण आहे तें एवढ्यासाठींच.

जवान म्हणजे कोण, हें आधीं नीट समजून घ्या. १ मे २०१९ रोजीं, ऐन महाराष्ट्र दिनीं, कुरखेडा तालुक्यांत जांभुळखेडा येथें भूसुरुंग फुटला. पंधरा पोलीस जवान आणि त्यांना घेऊन जाणाऱ्या खाजगी गाडीचा चालक असे सोळा जण गेले. त्याच्या दहा वर्षें आधीं, २००९ ह्या एकाच सालीं, १ फेब्रुवारीला मरकेगांव येथें पंधरा, २१ मे रोजीं हत्तीगोटा येथें सोळा आणि ८ ऑक्टोबरला लाहेरी येथें सतरा पोलीस मारले गेले. तीन ठिकाणें, अठ्ठेचाळीस घरें. हीं घरें कोणाचीं? १९९० सालीं गडचिरोलींत सी-६० पथक उभें केलें, तेव्हां त्यांत मुद्दाम इथलेच तरुण घेतले. गोंडी-माडिया बोलणारे, जंगल पायाखालीं घातलेले. बंगल्यांतलीं मुलें सुरुंगाच्या रस्त्यानें जात नाहींत. जातो तो धान पिकविणाऱ्याचा, बांबू तोडणाऱ्याचा, लोहाराचा, कोष्ट्याचा, ढिवराचा मुलगा. तो देशासाठीं जातो हें खरें. पण घरीं दोन एकर कोरडवाहू आहे म्हणूनहि जातो, हेंहि तितकेंच खरें.

आतां असा मुलगा पेटींतून परत येतो तेव्हां आपण काय करतों तें पाहूं. चौकांत फलक लागतो. पुढारी येतात. बंदुकींची सलामी होते. सारा गांव घसा फोडून ‘अमर रहे’ म्हणतो. आणि दहा दिवस होतात न होतात तोंच घरांत दुसराच विधि सुरू होतो. जावा, नणंदा, आत्या, मावश्या त्या पोरीभोंवतीं जमतात. तिचें कुंकूं पुसतात, बांगड्या फोडतात, मंगळसूत्र तोडतात, पायांतलीं जोडवीं काढतात. पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाचें बोलावणें तिच्या दारावरून पुढें जातें. आम्ही विचारतों, ज्याला तुम्हीं अमर म्हटलें त्याची बायको अशुभ कशी? रस्त्यावर एक बोलायचें आणि माजघरांत दुसरें करायचें, हा कोणता धर्म?

आमचे कांहीं वाचक लगेच म्हणतील, हा सारा भटभिक्षुकांचा खेळ. पोथी त्यांनीं लिहिली, दक्षिणा त्यांनीं घेतली, हें आम्ही कधीं लपविलें नाहीं. पण भगिनींनो, बांगडी फोडायला भट येत नाहीं. तो दगड आपल्याच जावेच्या हातांत असतो. भिक्षुकाला शिव्या देऊन त्याचेंच काम फुकटांत करणारी गुलामगिरी आम्हांला अधिक झोंबते. नवरा मेला म्हणून बाईचे दागिने काढतां, मग बायको मेली म्हणजे पुरुषाच्या अंगावरचें काय काढतां? हत्तीगोट्याला जे सोळा गेले त्यांत पांच पोलीस भगिनी होत्या. जंगलांत बंदूक घेऊन उभी राहणारी बाई ज्या जिल्ह्यानें पाहिली, त्या जिल्ह्यानें बाईचें मोल तिच्या बांगडीवर ठरवावें काय?

सावित्रीबाई फुले आठवा. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं जोतीराव गेले, तेव्हां अंत्ययात्रेंत टिटवें धरून सावित्रीबाई स्वतः पुढें चालल्या. ज्या दिवशीं समाज बाईला कोपऱ्यांत बसवितो त्याच दिवशीं ती माउली सर्वांच्या पुढें होती. आणखी एक गोष्ट आपण विसरतों. काशीबाई नांवाच्या विधवेचा मुलगा यशवंत ह्याला फुले दांपत्यानें दत्तक घेतलें. तो शिकून डॉक्टर झाला आणि लष्करांत नोकरीस राहिला. म्हणजे सावित्रीबाई लष्करांतल्या माणसाची आई होत्या! १८९७ च्या प्लेगांत त्यांनीं ह्याच मुलाला पुण्याला बोलावून घेतलें, आणि रोग्यांची सेवा करतां करतां १० मार्चला देह ठेवला. फौजेंतल्या मुलाच्या आईनें काय करावें ह्याचा धडा कोणाला हवा असेल, तर तो इथें आहे.

ही जुनी गोष्ट झाली म्हणाल, तर नवी ऐका. कोल्हापूर जिल्ह्यांत शिरोळ तालुक्यांत हेरवाड गांव आहे. तेथील ग्रामपंचायतीनें ४ मे २०२२ रोजीं ठराव करून कुंकूं पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र काढणें ह्या प्रथा गांवांत बंद केल्या. त्याच महिन्याच्या १७ तारखेला सरकारनें परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवावयास सांगितलें. तुमच्या ग्रामसभेंत हा ठराव झाला काय? झाला नसेल तर मांडा. झाला असेल तर कपाटांतून बाहेर काढा.

सरकारचेंहि मन फार मोकळें होतें असें नव्हे. शौर्यपदक मिळालेल्या जवानाची विधवा पुन्हां लग्न करी तर पदकाचा मासिक भत्ता बंद होई. दिराशींच लग्न केलें तर मात्र चालू राही. जणूं बाई घरांतल्या बैलासारखी घरांतच राहिली पाहिजे! ही दिराची अट संरक्षण मंत्रालयानें २०१७ च्या नोव्हेंबरांत काढली. कायदा उशिरां कां होईना शहाणा झाला. आपलीं माजघरें केव्हां होणार?

आतां कामाचें बोलूं. हें काम कोणीं करावें? आम्ही म्हणतों, ज्या बायका देवाच्या नांवानें एकत्र जमतात त्यांनींच करावें. कारण खेड्यांत बायकांची नियमानें भरणारी जुनी आणि भरवशाची सभा तीच. चिमूर भागांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना गांवोगांव चालते. १९६२ च्या चीनच्या आणि १९६५ च्या पाकिस्तानच्या युद्धांत महाराज स्वतः खंजिरी घेऊन जवानांना धीर देण्यास सीमेवर गेले होते. ज्यांचा गुरु सीमेपर्यंत गेला, त्यांना शेजारच्या वाड्यापर्यंत जाववत नाहीं काय? चंद्रपूरला १६ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं धम्मदीक्षा दिली. त्या दीक्षेच्या वारस भगिनी वर्षावासांत विहारांत ग्रंथ ऐकायला बसतात. चर्चमधल्या ख्रिस्ती भगिनी प्रार्थनेला जमतात आणि आजाऱ्याच्या घरीं जाऊन बसतात. ही त्यांची रीत चांगली आहे, ती आम्हीं बिनदिक्कत उचलावी. देव ज्याचा त्याचा. बांधींतला चिखल सर्वांचा सारखा.

पहिलें काम, रोवणी. मंडळांत वीस बायका असतील तर जवानाच्या घरची बांधी एका दिवसांत होते. पाळी लावा. भजनाची पाळी लावतां तशीच. पाऊस दडी मारून मग एकदम आला, तर तिची बांधी शेवटीं ठेवूं नका.

दुसरें काम, आजारपण आणि बाळंतपण. पावसाळ्यांत पर्लकोटा चढली कीं भामरागडचा रस्ता तुटतो; हिंवतापहि ह्याच दिवसांत येतो. पुरुष घरीं नसलेल्या घरांत रात्रीं ताप चढला, तर हांक मारायला दोन घरें तिला ठाऊक असलीं पाहिजेत. तीं दोन घरें मंडळानें आजच नेमून द्यावीं.

तिसरें काम, कागद. जवान गेला म्हणजे घरीं पैसा येतो, आणि पैशाच्या आधीं भाऊबंद येतात. तिची सही नाहीं तर अंगठा मागतात. मंडळांतली जी मुलगी शिकलेली आहे तिनें तिच्याजवळ बसावें, प्रत्येक कागद मोठ्यानें वाचावा, आणि न वाचलेल्या कागदावर अंगठा पडूं देऊं नये. बँकेचें खातें तिच्या एकटीच्या नांवाचें असावें. लष्करांतल्या जवानाच्या घरानें जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत जावें. पोलिसाच्या घरची दाद जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयांत लागते. हा फरक ठाऊक नसल्यानें बाया चुकीच्या दारांत दिवस घालवितात. सातबाऱ्यावर वारसांची नोंद लगेच करून घ्यावी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणें, मृत्युपत्र नसेल तर मृताच्या मिळकतींत विधवा, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि आई ह्यांना सारखा वांटा आहे. बौद्ध घरांनाहि तो लागू आहे. आदिवासींना तो कायदा लागू नाहीं, म्हणून आदिवासी बाईला रूढीचें नांव सांगून घालवून देतात. पण १७ जुलै २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एका गोंड घराण्याच्याच खटल्यांत सांगितलें कीं, बाईला वांटा नाकारणारी रूढी असल्याचें सिद्ध झालें नसतां केवळ बाई म्हणून तिला वगळणें समतेच्या विरुद्ध आहे. हें वाक्य मंडळानें पाठ करावें.

चौथें काम सर्वांत अवघड, कारण तें तोंडाचें आहे. नवरा दूर, सून बाजाराला गेली. लगेच पाणवठ्यावर कुजबुज सुरू. ती कोणाशीं बोलली, कोणाच्या गाडीवर बसली, रात्रीं कोणाशीं फोनवर होती. सुरुंग एकदांच फुटतो. ही जीभ रोज फुटते. जवानाच्या बायकोची निंदा ज्या मंडळांत चालते तें भजनी मंडळ नव्हे, चावडी आहे. निंदा करणारीला त्या दिवशीं टाळ देऊं नये.

कोणी म्हणेल, पोलिसाच्या दारांत उभें राहणें म्हणजे आपल्याच घरावर संकट ओढवून घेणें. ही भीति खोटी नव्हती. ह्या जंगलांत ‘खबऱ्या’ म्हणून ठरवून किती तरी गरीब गांवकरी मारले गेले. त्यांच्या विधवांना तर सलामीहि मिळाली नाहीं. त्यांचेंहि घर ह्याच यादींत धरा. आणि दुसऱ्या बाजूनें जीं मुलें बंदूक घेऊन गेलीं आणि मेलीं, त्यांच्या आयाहि धानच रोवीत होत्या. त्यांच्या दारीं जायला लाज बाळगूं नका. ऑक्टोबर २०२५ मध्यें भूपती ह्या नांवानें ओळखला जाणारा मल्लोजुला वेणुगोपाल हा मोठा पुढारी साठ साथीदारांसह गडचिरोलींत शस्त्रें खालीं ठेवून आला. बंदुका थंड होत आहेत ही आनंदाची गोष्ट. पण बंदुका थांबल्या कीं वर्तमानपत्रेंहि थांबतात आणि पुढाऱ्यांच्या मोटारी वळतात. विधवेचीं चाळीस वर्षें मात्र तेव्हांच सुरू होतात. आज भीतीची सबब उरली नाहीं. उरला आहे तो नुसता आळस.

वर्षांत दोन दिवस सरकार जवानांची आठवण करतें : २१ ऑक्टोबर, पोलीस स्मृतिदिन, आणि ७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन. उरलेले तीनशें त्रेसष्ट दिवस गांवाचे आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पहिलें बोटभर कुंकूं जवानाच्या विधवेला लावा. तिला नको असेल तर तिच्या हातून तिळगूळ घ्या, पण पहिला मान तिचा. शाळेंतल्या तिच्या मुलांची चौकशी करा. आणि तिला पुन्हां संसार मांडावासा वाटला, तर नाक मुरडणाऱ्यांच्या आणि तिच्या मध्यें उभ्या राहा.

भगिनींनो, आज संध्याकाळीं प्रार्थना संपल्यावर लगेच उठूं नका. दोनच गोष्टी विचारा. आपल्या गांवांत कोणाच्या घरचें माणूस नोकरीवर सीमेला किंवा जंगलांत आहे, आणि कोणाच्या घरचें परत आलें नाहीं? मग त्या घरच्या बांध्या किती आहेत तें मोजा, पाळी ठरवा, आणि सकाळीं पदर खोंचून चला. पऱ्हे वाट पाहत नाहींत.