उच्चाराचा धाक आणि अर्थाची उपेक्षा

काही महिन्यांपूर्वी आमच्या इंदुरातील एका घरगुती वाचनबैठकीत महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने स्वतः लिहिलेला मराठी निबंध वाचला. पणजोबांची रोजनिशी म्हणजे त्या पिढीच्या जीवनाची ‘एपिटोम’ आहे, असे एक वाक्य त्यात होते. एक ज्येष्ठ गृहस्थ मोठ्याने हसले आणि म्हणाले, ‘‘एपिटोम नव्हे, इपिटमी!’’ आणखी चारदोन जण हसले. मुलीने उरलेला निबंध कसाबसा संपवला. पुढच्या बैठकीस ती आली नाही.

गृहस्थांचा उच्चार बरोबर होता, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. परंतु चहाच्या वेळी त्यांनी त्या शब्दाचा अर्थ ‘अत्युच्च शिखर’ असा सांगितला, तो मात्र चुकीचा होता. शब्द मूळचा ग्रीक. त्याचा जुना अर्थ ग्रंथाचा संक्षेप. त्यावरून एखाद्या गोष्टीचे सारे गुण ज्यात एकवटले आहेत असा नमुना. मुलीने तो नेमका याच अर्थाने योजला होता. अर्थ जाणणारीस मान खाली घालावी लागली आणि न जाणणारा विद्वान ठरला!

असा उच्चार कोण चुकतो? शब्द कानी पडण्याआधी ज्याने तो पुस्तकात वाचला, तो. ही चूक वाचनाचा पुरावा आहे. तिला हसणे म्हणजे वाचनालाच हसणे होय.

शिवाय इंग्रजीचे लेखन कोठे एवढे प्रामाणिक आहे? कर्ज या अर्थाच्या ‘डेट’ शब्दात ‘बी’ हे अक्षर आहे, ते लॅटिनचे मूळ दाखविण्यासाठी पंडितांनी घुसडले. लोकांच्या तोंडी ते कधीच बसले नाही. ‘रिसीट’मधील ‘पी’ची कथा तीच. ‘आयलंड’मधील ‘एस’ तर चुकीच्या व्युत्पत्तीतून आला. ‘कर्नल’ शब्दात ‘र’ ऐकू येतो, पण लिहिला जातो ‘एल’. कारण उच्चार एका रूपाचा टिकला आणि लेखन दुसऱ्याचे. जहाजाच्या धक्क्यास ‘की’ म्हणतात, हे अक्षरे पाहून कोणास कळावे? येथे दोष वाचणाऱ्याचा नाही.

मग शुद्ध उच्चाराचा आग्रह सोडावा काय? मुळीच नाही. पण तो आग्रह प्रथम स्वतःच्या घरी धरावा. हिंदी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या घरांत ‘वेळ’चा ‘वेल’ आणि ‘काळ’चा ‘काल’ होतो, तेव्हा कोणी हसत नाही, दुरुस्तही करीत नाही. विश्व या अर्थाचा ‘जग’ आणि ‘जगणे’ या क्रियापदातला ‘जग’ यांचे उच्चार भिन्न आहेत, हे आमच्या किती नातवंडांस ठाऊक आहे? इंग्रजी शब्दांसाठी मराठीने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ घडविले; २००९ साली महाराष्ट्र शासनाने त्यांना वर्णमालेत स्थानही दिले. ‘च’ आणि ‘ज’ यांच्या दोन उच्चारांसाठी मात्र नेहमीच्या लेखनात वेगळी खूण नाही. तो भेद आजीच्या तोंडून नातवाच्या कानी जातो. तेथे तो तुटला, तर कोणताही कोश तो शिकविणार नाही.

पाहुण्या भाषेच्या उच्चारासाठी आम्ही पोरांस भर बैठकीत ओशाळे करतो आणि घरच्या भाषेसाठी साधे टोकतही नाही. हा स्वाभिमान नव्हे. ही जुनी लाचारी आहे, आणि तिच्यात आम्हीही सामील आहोत. त्या दिवशी आम्ही गप्प बसलो होतो.

चूक सांगावी, पण बैठक संपल्यावर, हळू आवाजात, आणि अर्थासह. तत्पूर्वी त्या मुलीच्या घरी जाऊन तिला पुन्हा बोलावणे, हे आमचे काम आहे. तिच्या पणजोबांच्या रोजनिशीवरचा तो निबंध आम्हांस पहिल्यापासून ऐकावयाचा आहे.