श्रीमंतीची फसवी फूटपट्टी

२० डिसेंबर २००४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मालदीवला अल्पविकसित देशांच्या यादीतून वगळण्याचे ठरविले. दरडोई उत्पन्न वाढले होते ना! सहाच दिवसांनी त्सुनामीने राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ६२ टक्क्यांएवढी हानी केली. दरडोई उत्पन्नाचे आकडे समुद्र अडवतात काय? अखेर तो निर्णय २०११ पर्यंत लांबला.

ऑगस्ट २०२४ मध्ये आमसभेने देशांची रचनात्मक दुर्बलता मोजणारा बहुआयामी असुरक्षितता निर्देशांक स्वीकारला. पण त्याचा वापर ऐच्छिक! सवलतीच्या कर्जाच्या किल्ल्या ज्यांच्या हाती, त्यांच्यावर कसलेच बंधन नाही. निदान मान्य, औषध मात्र वैद्याच्या मर्जीवर! याला साहाय्य म्हणायचे की उपकाराचे नाटक?