शिंगराचे वय आणि धन्याची घाई

घोडे कुठे पेंड खाते, हे पाहावयास कधी कधी खरोखरच गोठ्यात जावे लागते. मागे निपाणीच्या बाजूस कुटुंबभेटीस गेलो असता एका घरी आम्हांस चहाआधी गोठ्यातच नेण्यात आले. घरधन्याची दोन एकर जमीन, एक म्हैस, एक घोडी आणि तिचे अडीच वर्षांचे तांबूस शिंगरू. बाजूस नवे कोरे जू टेकून ठेवले होते.

“फादर, जत्रा तोंडावर आलीया. औंदा ह्येला गाडीला घालावं म्हणतोय,” घरधनी म्हणाले.

आपल्या भागातील जत्रांत घोडागाड्यांच्या शर्यती होतात. एका जुवास एक घोडा व एक बैल जोडण्याचीही रीत आहे. घरधन्यास बक्षिसाची हाव नव्हती. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता उभा होता. म्हणून आम्ही लगेच उपदेश केला नाही. चुलीपाशी बसलेल्या आजीच आतून म्हणाल्या, “दात यायच्या आधी लेकराला भाकरी चारतोस व्हय रं?”

आजींचे बोल शास्त्रास धरूनच होते. घोड्याचे पुढचे दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडू लागतात आणि साडेचार-पाच वर्षांनी तोंड पुरे होते. हाडांचेही तसेच आहे. गुडघ्यावरची हाडे अडीच-तीन वर्षांच्या सुमारास पक्की होतात, तर पाठीचे मणके पाच वर्षांनंतरही भरत असतात. शिंगरू उंचीने घोड्याएवढे दिसते, पण त्याची पाठ अजून पोरवयाची असते. त्यात बैलाची चाल निराळी, घोड्याची निराळी. एका जुवाखाली कोवळ्या अंगास हिसके बसतात. कामास योग्य नसलेले जनावर जुंपणे हा 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हाही आहे.

घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते. शिंगरू जन्मल्यावर तासाभरात उभे राहावे, दोन तासांत आचळास लागावे आणि घोडीची वार तीन तासांत पडावी. यांत उशीर झाला तर पशुवैद्यास बोलावण्यास विलंब करू नये. वार हाताने ओढू नये. चीक पहिल्या काही तासांतच पोटात गेला पाहिजे, कारण रोगाशी झुंजण्याचे बळ शिंगरास त्यातूनच मिळते. पाच-सहा महिन्यांनी दूध तोडावे. घोड्यास ओकता येत नाही. म्हणून बुरसटलेला कडबा किंवा एकदम घातलेली भरपूर चंदी त्याच्या जिवावर बेतते. धनुर्वाताची लस चुकवू नये, आणि नालबंदाकडून दर दीड-दोन महिन्यांनी खूर पाहून घ्यावेत.

मग घाई न करता शिकवावे कसे? आपल्या रस्त्यांवरून मेंढरे घेऊन जाणाऱ्या धनगरांकडे पाहावे. त्यांचे सारे बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर असते. दक्खनची लहानखुरी, काटक भीमथडी जात त्यांनीच बहुतांशी सांभाळली. त्यांचे शिंगरू आईच्या बाजूने मोकळे चालते. ते आधी वाट शिकते, माणसाचा हात शिकते. ओझे मागाहून येते. आपणही शिंगरास रोज खरारा करावा, पाय उचलू द्यावयास शिकवावे, दोरीने शेतापर्यंत हिंडवावे. एवढे शिक्षण पहिल्या तीन वर्षांस पुष्कळ झाले.

घरधन्यास आम्ही इतकेच विचारले, “अहो, बक्षीस मिळेल की नाही हे कोणी सांगावे? पण शिंगरू लंगडे झाले तर हप्ता तसाच राहील, आणि चंदी मात्र रोज घालावी लागेल ना?” ते बोलले नाहीत. हप्त्यासाठी सोसायटीत मुदत मागावी, आम्ही सोबत येऊ, असे आम्ही सुचविले. त्यांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा त्या वाटेने गेलो. नव्या जुवावर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या आणि घरचा धाकटा मुलगा शिंगरास दोरीने ओढ्याकडे नेत होता. त्याच सोमवारी घरधनी व आम्ही मिळून सोसायटीत जाऊन आलो.

वाचकहो, गरज माणसास घाई करावयास लावते, हे आम्ही जाणतो. परंतु ज्याला बोलता येत नाही, त्याच्या पाठीवर आपली गरज लादण्याआधी एकदा त्याचे तोंड उघडून दात मोजावेत.